क्लासिक स्पोर्ट्स कारची चाकं: आधी टायर ठरवा, मग रिम

जुन्या स्पोर्ट्स कारला नवी चाकं घ्यायची म्हटलं की शोध बहुधा फोटोंपासून सुरू होतो. मिनीलाइटचे आठ आरे, फुक्सच्या पाच पाकळ्या, बोरानीची तारांची चाकं. एखादं डिझाइन मनात भरतं, मग ते आपल्या गाडीला बसतं का ते बघितलं जातं, आणि सगळ्यात शेवटी त्या रिमवर जो मिळेल तो टायर चढतो. हा क्रम उलटा आहे. १९६० किंवा १९७० च्या दशकातल्या गाडीचं सस्पेन्शन, स्टिअरिंगची ठेवण, गिअरचे रेशो, मडगार्डची कमान हे सगळं एका ठरावीक टायरभोवती आखलेलं असतं. म्हणून आधी टायर ठरवावा, त्याला योग्य रुंदीची रिम घ्यावी आणि आवडीनिवडीचा विचार त्या मर्यादेत करावा. त्या मर्यादेतही देखणी चाकं भरपूर मिळतात.

मूळ मापं आणि आजची गाडी

मालकाच्या पुस्तिकेतून मूळ टायरचं माप, रिमची रुंदी आणि हवेचा दाब लिहून घ्या. पण तेवढ्यावर विसंबू नका. पन्नास-साठ वर्षांत गाडी अनेक हातांतून गेलेली असते. कुणी पुढचे ब्रेक मोठे केलेले असतात, कुणी स्प्रिंग कापून गाडी खाली बसवलेली असते, कुणी मागचा अॅक्सल दुसऱ्या गाडीचा घातलेला असतो.

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. ही गाडी नटांनी बसणाऱ्या चाकांवरही आली आणि तारांच्या चाकांवरही, आणि दोन्हींसाठी मागच्या अॅक्सलची रुंदी वेगळी होती. तारांच्या चाकांचा अॅक्सल अरुंद असतो. नटांच्या चाकांसाठी छापलेलं माप डोळे झाकून त्या गाडीला लावलं, तर चाक मडगार्डच्या आत नको तिथे जाऊन बसतं. तेव्हा मॉडेलचं नाव पुरेसं नाही, आपल्या गाडीखाली आज काय आहे ते बघायला हवं.

टायरचं माप: व्यास सांभाळा

जुन्या टायरवर '१६५ आर १४' एवढंच लिहिलेलं असतं. १६५ म्हणजे मिमीमध्ये रुंदी, १४ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. आजच्यासारखा मधला प्रोफाइलचा, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा, आकडा नसतो. तो नसेल तर टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साधारण ८० ते ८२ टक्के धरायची. ८० टक्क्यांनी हिशेब केला तर १६५ ची उंची १३२ मिमी. वर आणि खाली मिळून २६४, त्यात १४ इंची रिमचे ३५५.६ मिमी मिळवले की एकूण व्यास सुमारे ६२० मिमी. हा आकडा कागदावर ठळक लिहून ठेवा. पुढचा प्रत्येक पर्याय त्याच्याशी ताडून बघायचा आहे.

आता पर्याय बघू. १८५/७० आर १४ चा व्यास सुमारे ६१५ मिमी येतो, म्हणजे जवळजवळ मूळचाच. १९५/६० आर १५ सुद्धा ६१५ च्या आसपास. पण त्याच १४ इंची रिमवर १९५/६० चढवला तर व्यास ५९० वर येतो, म्हणजे जवळपास ५ टक्के कमी. २०५/५० आर १५ घेतला तर ५८६.

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण त्यांचे परिणाम चार ठिकाणी दिसतात. स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवू लागतो. गाडी १५ मिमी खाली बसते, आणि सायलेन्सर मुळातच जमिनीला टेकायला आलेल्या गाडीत ते जाणवतं. इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं, आणि पाचवा गिअर नसलेल्या गाडीत लांबच्या प्रवासात ही घरघर नकोशी होते. चौथी गोष्ट डोळ्यांना दिसते: टायर आणि मडगार्डची कमान यांच्यात मोठी फट पडते आणि मग ती झाकायला लोक गाडी आणखी खाली करतात. व्यासातला फरक दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवला तर यातलं काहीच ओढवत नाही.

रिमचा व्यास एका इंचाने वाढवणं बहुतेक गाड्यांना चालून जातं. दोन इंचांनी वाढवलं की टायरची भिंत इतकी बुटकी होते की गाडीचं रूपही बिघडतं आणि चालही. माझं मत विचाराल तर मोठ्या ब्रेकसाठी जागा हवी असेल तरच रिम वाढवावी, नाहीतर मूळ आकारच ठेवावा. मात्र १३ आणि १४ इंचांत चांगल्या टायरची निवड दिवसेंदिवस आटत चालली आहे, हे पैसे मोजण्याआधी तपासून घ्या. ज्या मापात एकाच कंपनीचा एकच टायर उरला आहे, त्या मापाची महागडी रिम घेणं जोखमीचं.

एका खास सापळ्याची नोंद घ्या. मिशेलिनच्या टीआरएक्स पद्धतीच्या रिम मिलिमीटरमध्ये मोजल्या जातात, उदाहरणार्थ ३९०. त्यांच्यावर नेहमीचा इंची टायर बसत नाही आणि तो बसवण्याचा प्रयत्नही करू नये. वापरलेली चाकं घेताना रिमवरचा हा आकडा आवर्जून वाचा.

टायरचा स्वभाव

मिशेलिनने रेडियल टायरचं पेटंट १९४६ साली घेतलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं स्पोर्ट्स कार क्रॉसप्लाय टायरवर निघत होत्या. क्रॉसप्लायमध्ये आतले धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे असतात, रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली तीसुद्धा क्रॉसप्लायवर. तुमची गाडी मुळात कशावर आखली होती हे माहीत असणं म्हणूनच महत्त्वाचं. रेडियल आणि क्रॉसप्लाय यांची मिसळ करू नका. दोन्ही प्रकार वळणावर वेगवेगळ्या पद्धतीने पकड सोडतात आणि पुढची-मागची बाजू एकमेकींचं ऐकेनाशी होते.

जुन्या गाड्या वळणावर चांगल्याच कलतात. कलल्या की चाकंही कलतात, कारण त्या काळच्या सस्पेन्शनमध्ये चाक रस्त्याला काटकोनात ठेवण्याची फारशी सोय नव्हती. त्या काळचा टायर हे गृहीत धरून बनलेला होता: उंच आणि लवचीक भिंत, गोलसर खांदे. चाक कललं तरी रबराचा बराचसा भाग रस्त्यावर टेकलेला राहतो आणि पकड सुटताना हळूहळू, सांगून सुटते. आजचा रुंद, बुटक्या भिंतीचा, चौकोनी खांद्यांचा टायर तसा कलला की एका कडेवर उभा राहतो. सरळ रस्त्यावर तो भक्कम वाटतो, वळणावर मात्र पकड असते असते आणि एकाएकी जाते.

जास्त पकडीचा दुसरा परिणाम धातूवर होतो. चिकट टायरमुळे वळताना आणि ब्रेक लावताना येणारा जोर हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), बेअरिंग, सस्पेन्शनचे बुश आणि शेवटी चासीवर जातो. हे भाग तेवढ्या जोरासाठी बनवलेले नव्हते. ट्रॅकवर जाणारी गाडी असेल तर हे सगळं मजबूत करूनच तसे टायर घाला.

रस्त्यावर आनंदाने चालवायच्या गाडीसाठी मी जुन्या नमुन्याच्या नव्या टायरची बाजू घेईन. मिशेलिन एक्सएएस आणि एक्सडब्ल्यूएक्स, पिरेलीचे सिंटुराटो सीए६७, सीएन३६ हे नमुने पुन्हा बनवले गेले आहेत. बाहेरून जुने, आतून ताज्या रबराचे. महाग आहेत, पण स्टिअरिंग हातात जिवंत होतं ते अशा टायरवर. खिसा तेवढा सैल नसेल तर ७० किंवा ६० प्रोफाइलचा, चांगल्या कंपनीचा साधा टूरिंग टायर घ्या. ओल्या रस्त्यावर तो कित्येकदा सरस ठरतो.

वेगाचं अक्षर आणि भाराचा आकडा गाडीच्या मूळ आकड्यांपेक्षा खाली जाऊ देऊ नका. एस म्हणजे ताशी १८० किमी, टी १९०, एच २१०, व्ही २४०. भाराचा आकडा ८२ असेल तर एक टायर ४७५ किलो पेलतो, ८४ असेल तर ५०० किलो.

वय बघायला विसरू नका. २००० सालापासून टायरच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते: '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आकडे तीनच असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे, नक्षी कितीही नवी दिसो, तो काढून टाका. क्लासिक गाड्या वर्षाला फार चालत नाहीत, त्यामुळे त्यांचे टायर झिजून संपण्याआधी म्हातारे होतात. सहा वर्षांनंतर दरवर्षी भिंतीवरच्या बारीक भेगा उजेडात तपासाव्यात आणि दहा वर्षांनंतर बदलावेत. दुकानात पडून असलेला 'नवा' टायरही तारीख वाचूनच घ्या.

रिमची रुंदी

रुंदी मोजायची ती रिमच्या आत, टायरची कड जिथे बसते त्या दोन जागांमध्ये. बाहेरच्या ओठापासून ओठापर्यंत मोजली तर सुमारे एक इंच जास्त येते. १८५/७० साठी साडेचार ते सहा इंच आणि १९५/६० साठी साडेपाच ते सात इंच रिम चालते. या पट्ट्याच्या मधोमध राहा. रिम अर्धा इंच रुंद केली की तोच टायर सुमारे ५ मिमी फुगतो, हे पुढच्या मोजणीत लागणार आहे.

पीसीडी आणि मधलं भोक

स्टड, म्हणजे चाक हबला जोडणारे आटेदार दांडे, ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. इथला मोठा धोका जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या आकड्यांचा आहे. जुन्या मिनीचा पीसीडी १०१.६ मिमी, बीएमडब्ल्यू २००२ आणि पहिल्या पिढीच्या माझदा मियाटाचा १००, फियाट १२४ स्पायडरचा ९८. तिन्ही मापांत चार स्टड. जुन्या कॉर्व्हेटचा १२०.६५ आणि कित्येक बीएमडब्ल्यूंचा १२०, दोन्हींना पाच. अशा चुकीच्या जोडीतही नट हाताने काही आटे फिरतात, ओढूनताणून आवळलेही जातात, आणि चाक बसलं असं वाटतं. प्रत्यक्षात स्टड वाकलेले असतात आणि नट तिरपा टेकलेला असतो. पुढे तो सैल होतो किंवा स्टड तुटतो. पीसीडीत 'चालून जाईल' असं काही नसतं.

चार स्टडचा पीसीडी समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंत थेट मोजता येतो. पाच स्टडना समोरासमोर जोडी नसते. तिथे शेजारच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणा.

मधलं भोक हबच्या उंचवट्यापेक्षा लहान असेल तर चाक बसणारच नाही. मोठं असेल तर मधे अचूक मापाची रिंग घाला म्हणजे चाक केंद्रात बसेल. काही जुन्या गाड्यांत चाक मुळातच नटांच्या शंकूवर केंद्रित होतं, तिथे रिंगचा प्रश्न येत नाही, पण नट क्रमाने आवळण्याचं महत्त्व दुप्पट होतं.

ऑफसेट: इथे घाई करू नका

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी सपाटी यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. सपाटी बाहेरच्या बाजूला असेल तर तो अधिक आणि चाक आत जातं, आतल्या बाजूला असेल तर उणे आणि चाक बाहेर येतं. रिमवर हा आकडा 'ईटी' या अक्षरांपुढे कोरलेला असतो.

एक हिशेब करून बघू. मूळ रिम साडेपाच इंच, ईटी २५. नवी हवी आहे सात इंच, ईटी १५. रुंदीतला फरक दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. त्याचा अर्धा भाग, १९ मिमी, दोन्ही बाजूंना वाटला जातो. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणून आतल्या बाजूचे १० वजा होतात आणि बाहेरच्या बाजूला १० मिळतात. थोडक्यात, नवी रिम आत ९ मिमी जास्त घुसेल आणि बाहेर २९ मिमी जास्त येईल. आता गाडीखाली जाऊन विचारायचा प्रश्न नेमका झाला: आत ९ आणि बाहेर २९ मिमी जागा आहे का? शिवाय टायरचा फुगवटा वेगळा धरायचा.

ऑफसेट केवळ जागेचा प्रश्न नाही. चाक जितकं बाहेर येतं तितकं स्टिअरिंगच्या कलत्या अक्षापासून लांब जातं. मग खड्ड्यातला प्रत्येक हिसका हातात येतो, एका बाजूचं चाक ओल्या पट्ट्यावर असताना ब्रेक लावला की गाडी खेचते आणि चाकाच्या बेअरिंगवर तरफेचा ताण वाढतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंगला घाम फुटतो तो वेगळाच. पुढची चाकं मूळ मध्यरेषेच्या जितकी जवळ ठेवता येतील तितकी ठेवा. मागच्या चाकांत थोडी सूट घेता येते.

हबवर पातळ स्पेसरच्या चकत्या घालून ऑफसेट 'जमवणं' मला पटत नाही. चकती हबचा उंचवटा गिळते आणि नटाचे आटेही खाते. योग्य ऑफसेटची रिम मिळेपर्यंत थांबणं परवडतं.

गाडीवर प्रत्यक्ष मोजणी

कागदावरचा हिशेब झाला तरी ऑर्डर देण्याआधी गाडीवर मोजणी कराच. गाडी सपाट जमिनीवर, भक्कम स्टँडवर घ्या. केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. चाक काढा, हबची सपाटी तारेच्या ब्रशने घासून लख्ख करा. एक सरळ पट्टी हबवर उभी धरा आणि तिथून आतल्या बाजूला शॉक अॅब्सॉर्बर, स्प्रिंग, स्टिअरिंगचा सांधा, ब्रेकचा पाइप यांची अंतरं घ्या. बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या दुमडलेल्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. ही दुमडलेली कड आतून धारदार असते आणि टायर कापते ती तीच.

मग सस्पेन्शन हलवून पुन्हा मोजा. स्प्रिंग काढून किंवा शॉक सोडून हब पूर्ण वर उचला, बंप स्टॉप (वरच्या टोकाला सस्पेन्शन अडवणारा रबरी ठोकळा) दबेपर्यंत. पुढच्या चाकाला याच अवस्थेत स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. सगळ्यात अरुंद जागा बहुधा इथेच सापडते: चाक पूर्ण वळलेलं, निम्मं वर उचललेलं, आणि टायरचा मागचा खांदा मडगार्डच्या खालच्या टोकाजवळ. शंका असेल तिथे मऊ मातीचा गोळा चिकटवा. जुनं चाक लावून सस्पेन्शन हलवलं की मातीची उरलेली जाडी जागा किती ते सांगते.

मागे पाट्यांच्या स्प्रिंगवरचा अखंड अॅक्सल असेल तर वळणावर तो आडवाही सरकतो, म्हणून दोन्ही बाजूंना अंतर सढळ ठेवा. आणि चारही कोपरे वेगवेगळे मोजा. त्या काळच्या बॉडीत डाव्या-उजव्या बाजूंत काही मिलिमीटरांचा फरक असणं अगदी सामान्य आहे, अपघातानंतर दुरुस्त झालेल्या गाडीत तर जास्तच. माप घ्यायचं ते चारांतल्या अडचणीच्या कोपऱ्याचं.

ब्रेक कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेकचा भाग) आणि रिमच्या आतल्या बाजूत किमान ३ मिमी अंतर हवं, माझ्या मते ५ बरं. आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं याच फटीतून फिरणार आहेत.

चाक कशाचं आणि कुणाचं

अलॉय म्हणजे हलक्या मिश्रधातूची चाकं. ओतीव अलॉय सर्वांत स्वस्त, घडीव अलॉय हलकं आणि चिवट. पोर्शेच्या मूळ फुक्स रिम घडीव आहेत, म्हणूनच इतक्या वर्षांनंतरही त्या वापरात टिकून आहेत. हलक्या चाकाचा फायदा खरा आहे: स्प्रिंगखालचं वजन कमी झालं की खडबडीत रस्त्यावर चाक जमीन सोडत नाही. पण मोठी रिम बहुधा जड असते, तेव्हा वजन विचारून घ्या.

चाकावर भारक्षमता कोरलेली असायला हवी. अॅक्सलवरचा कमाल भार ७०० किलो असेल तर प्रत्येक चाक निदान ३५० किलोचं हवं. जपानचा जेडब्ल्यूएल शिक्का किंवा जर्मनीची टीयूव्ही मान्यता असेल तर चाक चाचणीतून गेलेलं आहे. शिक्का नाही, भार नाही, बनवणाऱ्याचं नाव नाही, अशी चाकं कितीही हुबेहूब दिसोत, मी गाडीला लावणार नाही.

जुनी मॅग्नेशियमची चाकं हा स्वतंत्र विषय आहे. शर्यतीच्या काळातली मूळ मॅग्नेशियम चाकं सुंदर असतात, पण हा धातू ओलाव्याने आतून पोखरतो आणि भेगा रंगाखाली लपतात. रंग काढून भेगांची रासायनिक तपासणी झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नयेत. त्याच डिझाइनची नवी अॅल्युमिनियमची चाकं बनतात, ती घ्या आणि मूळ चाकं जपून ठेवा.

तारांची चाकं

आतल्या दात्यांवर बसणारं आणि मधल्या एका मोठ्या नटाने आवळलं जाणारं चाक घेताना हबचे दाते आधी बघा. दाते झिजून टोकदार झालेले असतील तर नवं चाकही लवकर झिजेल. ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुढे-मागे हलवा. 'टक' असा आवाज आला की दाते गेलेत. पेनने एकेक तार वाजवा: ताणलेली तार खणखणते, ढिली तार बद्द वाजते.

मधल्या नटांचे आटे दोन बाजूंना वेगळे असतात. ब्रिटिश गाड्यांत डाव्या बाजूला सरळ आणि उजव्या बाजूला उलटे. हब किंवा नट अदलाबदल झाले तर गाडी चालताना नट सुटत जातो. दात्यांना आणि शंकूला ग्रीस लावा, नट तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोका. तारांच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब लागते. ती रेडियलला चालणारी असावी, आतल्या तारांच्या टोकांवर पट्टी असावी आणि टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलं काढून टाकलेली असावीत, नाहीतर ती ट्यूब घासून फाडतात.

नट, स्टड आणि आवळणी

पोलादी रिमचा नट अलॉयला चालेलच असं नाही. अलॉय जाड असते, शंकूचा कोन वेगळा असू शकतो, काही चाकांना वॉशर आणि नळीसारखा लांब नट लागतो. नट आणि चाकाची टेकण्याची जागा तंतोतंत जुळली पाहिजे. आटेही तपासा, म्हणजे दोन आट्यांमधलं मिमीतलं अंतर: १.२५ चा नट १.५ च्या स्टडवर जबरदस्तीने चढवला की दोन्ही गेले. नट निदान स्टडच्या व्यासाइतका आत जायला हवा. १२ मिमी स्टड आणि १.५ चे आटे असतील तर पूर्ण आठ फेरे मोजा. कमी भरले तर लांब स्टड बसवा.

आवळणी हाताने सुरू करा, समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने. हवेच्या गनला या कामात हात लावू देऊ नका. किती आवळायचं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. जुन्या पोर्शे ९११ च्या अलॉयसाठी, उदाहरणार्थ, १३० न्यूटन मीटर.

पहिले काही किलोमीटर

चारही टायर घालण्याआधी एक रिम टायरविना लावून हाताने फिरवून बघा. कॅलिपर घासला तर चाक परत करता येतं, टायर चढल्यावर कुणी परत घेत नाही. मग एकाच चाकावर टायर चढवून ते चारही कोपऱ्यांवर बसतं का ते तपासा.

हवेचा दाब पुस्तिकेतल्या आकड्यापासून सुरू करा. या गाड्या हलक्या असतात, त्यामुळे आजच्या जड गाड्यांचा दाब भरला तर टायर दगडासारखे होतात आणि पकड जाते. टायरच्या रुंदीभर खडूची रेघ ओढा, थोडं सरळ चालवा, मग बघा. मधली रेघ आधी पुसली गेली तर हवा जास्त, कडा आधी पुसल्या तर कमी.

सुमारे १०० किमीनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, कारण नव्या अलॉयचा रंग आणि टेकण्याची जागा दबते. तेव्हाच मडगार्डच्या आत टॉर्च मारून घासल्याच्या चकाकत्या खुणा शोधा. बदललेल्या मापाला तुमच्याकडचे नियम आणि विमा मान्यता देतात का, हे खरेदीआधीच विचारून कागदावर घेतलेलं बरं. काढलेली मूळ चाकं धुऊन, हवा कमी करून, सावलीत ठेवा. त्यांचे नट त्याच रिमला पिशवीत बांधून त्यावर मोकळ्या अक्षरात नाव लिहा, म्हणजे पुढच्या कुणाच्या हातून ते नव्या अलॉयवर चढणार नाहीत.